१६१२ सकाळी उठत नाही: डिझेलच्या दाबाच्या नोंदी

४ डिसेंबर

गाडी म्हणजे टाटा १६१२ ट्रक, १९९५चा. इंजिन ६९७: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, १२८चा स्ट्रोक, साडेपाच लिटरच्या थोडं वर. टर्बो नाही, सेन्सर नाही. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९५४ साली डायम्लर-बेंझशी करार केला, त्या घराण्यातलं हे इंजिन. बाजूला नोजलना दाबाने डिझेल देणारा मायकोचा इनलाइन पंप, त्याच्या अंगाला टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप, वर दोन वाट्यांचा फिल्टर. हात पोचेल तिथे सगळं आहे. म्हणूनच ही गाडी अजून ठेवली आहे आणि तिचं काम घरी करायला मला आवडतं.

तक्रार दिवाळीपासूनची. सकाळी सेल्फ मारत राहावं लागतं. मग दोन-तीन सिलिंडर पकडतात, पांढरा धूर सुटतो, गाडी हलत-डुलत उभी राहते आणि मिनिटभराने सरळ चालते. दिवसा बंद करून लगेच चालू केली तर अर्ध्या फेऱ्यात उठते. मार्केटला दोन-तीन तास उभी राहिली की पुन्हा तेच. शिवाय भरलेली असताना राहुड घाटात ओढ कमी पडते.

आमच्या निफाड तालुक्यात डिसेंबर आला की सगळं थंडीच्या नावावर जातं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा रोज पेपरात येतो, त्यामुळे गाडी न उठण्याचं कारणही आयतंच मिळतं. मला ते पटत नाही. हेच इंजिन मागची कित्येक वर्षं याच थंडीत उठत आलंय.

आज पहाटे मी मागे सायलेन्सरपाशी उभा राहिलो आणि मामांना सेल्फ मारायला सांगितला. (मामा आमचे ड्रायव्हर, वडिलांच्या वेळेपासूनचे.) इंजिन नीट फिरत होतं, पण धूर नव्हता. पांढराही नाही, काहीच नाही. या खुणेला मी फार किंमत देतो. सेल्फवर पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय पण जळत नाही. मग कॉम्प्रेशन, टायमिंग, नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा), थंडी यांचा विचार करायचा. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. थंडीचा प्रश्न तिथेच निकालात निघतो.

मग फीड पंपाचा हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल ओढायचा दट्ट्या, फिरवून सैल केला आणि तीसेक वेळा दाबला. सुरुवातीला प्रायमर रिकामा जात होता, हाताला काही लागत नव्हतं. मग हळूहळू जड झाला. पुन्हा सेल्फ, आणि गाडी लगेच उठली.

म्हणजे रात्रीतून डिझेल मागे उतरतंय आणि त्याच्या जागी हवा येतेय. आता ती कुठून येते ते शोधायचं.

तालुक्याच्या एका फिटरने मागच्या महिन्यात मुख्य पंप उतरवून कॅलिब्रेशन (मापाची जुळणी) करा असं सांगितलं होतं. तो खर्च मी थांबवला आहे. पंपाला पोटभर डिझेल मिळतंय हे मापून कळल्याशिवाय पंप खोलायचा नाही.

शेजारच्यांनी एअर क्लीनरपाशी पेटता बोळा धरायला सुचवलं, एकाने ईथरचा स्प्रे आणून दिला. दोन्ही गोष्टी या गाडीला होणार नाहीत. ईथर वेळेआधी भडकतं, पिस्टन वर येत असतानाच धक्का बसतो आणि रिंगा तुटतात.

५ डिसेंबर

आधी वीज तपासून बाजूला ठेवली. दोन्ही बॅटऱ्या मिळून उभ्या गाडीत २५.३ व्होल्ट, सेल्फ मारताना २०.५. चांगलं आहे. अर्थिंगची पट्टी घासून बसवली.

स्टॉपची केबल दाबून सोडली तर पंपावरचा लिव्हर पूर्ण परत येतो. हे बघणं गरजेचं, कारण केबल अडकून लिव्हर अर्ध्यावर राहिला तरी गाडी अशीच छळते. एक्सलेटर पूर्ण दाबल्यावर लिव्हर शेवटच्या बोल्टला टेकतो. इंजिन ऑइल डिपस्टिकवर वाढलेलं नाही, ऑइलला डिझेलचा वासही नाही. फीड पंपाचा दांडा झिजला की डिझेल ऑइलमध्ये उतरतं. तसं काही दिसत नाही.

बाहेरून कुठेही ओल नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतची बाजू ओढणारी असते, म्हणून तिथलं भोक डिझेल गाळत नाही, हवा आत घेतं. जमिनीवर थेंब नाही म्हणून लाइन चांगली असं धरून कित्येक गाड्यांचे पंप फुकट खोलले गेले आहेत.

६ डिसेंबर

आज डोळ्यांनी दिसेल असं केलं. फीड पंपाच्या आधीच्या रबरी होजच्या जागी हातभर पारदर्शक नळी टाकली. ओव्हरफ्लो व्हॉल्व्हच्या पुढे रिटर्नलाही, म्हणजे पंपाचं जास्तीचं डिझेल टाकीकडे नेणाऱ्या लाइनलाही, तशीच. मग मुख्य पंपाच्या इनलेटला, म्हणजे फिल्टरच्या नंतर, लांब बँजो बोल्ट (आतून पोकळ) आणि टी (तीन तोंडांचा जोड) लावून ० ते ४ किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) गेज बसवला. टी लेथवर बनवून घेतला, वायसर तांब्याचे, नवे.

गाडी चालू केली. आयडलला काटा ०.५ किलोवर. रेस वाढवल्यावर ०.७. इथे एक ते दीड किलोच्या दरम्यान दाब असायला हवा. बंद केल्याबरोबर काटा सरळ शून्यावर पडला.

फिल्टर तुंबला असेल अशी शंका कुणालाही येईल. म्हणून गेज काढून फिल्टरच्या आधी लावला: ०.६. आधी आणि नंतर इतकाच फरक म्हणजे फिल्टरमध्ये अडथळा नाही.

सक्शनच्या, म्हणजे ओढणाऱ्या बाजूच्या, पारदर्शक नळीत मात्र बघण्यासारखं होतं. आयडलला डिझेल स्वच्छ पिवळसर, स्थिर दिसत होतं. रेस दिली की मोहरीएवढे बुडबुडे ओळीने येऊ लागले, एकामागे एक, सारख्या अंतराने. रेस सोडली की थांबले. टॉर्चचा उजेड मागून धरला तेव्हाच ते नीट दिसले. घाटात ओढ कमी पडते ती याच बुडबुड्यांमुळे: फीड पंपाच्या प्रत्येक फेऱ्यात थोडी हवा, तेवढं डिझेल कमी.

संध्याकाळी गाडी बंद करून पाऊण तास तिथेच बसलो. सक्शनच्या नळीतली डिझेलची पातळी टाकीकडे उतरत गेली. रिटर्नच्या नळीतलं डिझेलही टाकीकडेच सरकत होतं, अगदी हळू. हे दुसरं मला खटकलं. गाडी बंद असताना रिटर्नमध्ये हालचाल कशाला हवी?

मामा चहा घेऊन आले. म्हणाले, "दादा, एक सांगू का? टाकी फुल केली की दुसऱ्या दिवशी बरी उठते ही."

हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. गाडी रोज चालवणाऱ्याला जे माहीत असतं ते गेजवर दिसत नाही. वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

८ डिसेंबर

रिटर्नची तपासणी. गाडी आयडलला ठेवून रिटर्नची नळी चिमट्याने क्षणभर दाबली. काटा ०.५वरून उठला आणि दोन किलो ओलांडून गेला. लगेच सोडली. म्हणजे फीड पंपात दम आहे, त्याचे व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग ठीक. दाब तयार होतोय पण थांबत नाही, ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून निघून जातोय.

व्हॉल्व्ह काढला. आत छोटी गोळी आणि स्प्रिंग, एवढंच. गोळीच्या बसण्याच्या जागी एका बाजूला खाच पडली होती, नखाला लागत होती. स्प्रिंगही बसलेली. या व्हॉल्व्हचं काम दुहेरी आहे. चालू गाडीत ठरावीक दाब झाल्यावरच जास्तीचं डिझेल टाकीकडे सोडायचं, म्हणजे पंपाची गॅलरी (आतली डिझेलची पोकळी) कायम भरलेली राहते. आणि बंद गाडीत वाट बंद ठेवायची. आमच्या गाडीत दोन्ही होत नव्हतं.

बऱ्याच ठिकाणी अशा वेळी स्प्रिंग ओढून लांब करतात किंवा मागे वायसर घालतात. मला ते मान्य नाही. काटा वर जातो हे खरं, पण खाच तशीच राहते आणि रात्री डिझेल उतरायचं ते उतरतंच.

तरी जुना व्हॉल्व्ह आज परत बसवला, मुद्दाम. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

१० डिसेंबर

दोन रात्रींच्या परीक्षा झाल्या.

पहिल्या रात्री टाकी बाजूला केली. फीड पंपाचं सक्शन आणि रिटर्न दोन्ही एका कॅनमध्ये सोडलं. कॅन जमिनीवर ठेवला. हे महत्त्वाचं आहे. बहुतेक जण कॅन केबिनवर किंवा बंपरवर टांगतात. उंचावरून डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येतं, मग लाइनला ओढावं लागत नाही आणि हवा घेणारी जागा झाकली जाते. कॅन खाली असला तरच फीड पंपाला खरं ओढावं लागतं. या मांडणीत रेस दिली तरी बुडबुडा नाही. दाब ०.७पर्यंत आला, एकपर्यंत नाही. सकाळी सात अंश थंडी होती, गाडी पहिल्याच सेल्फला उठली. म्हणजे हवा टाकी आणि ती पारदर्शक नळी यांच्या मधे कुठेतरी शिरते.

दुसऱ्या रात्री टाकी परत जोडली आणि रिटर्नची नळी चिमट्याने बंद करून गाडी उभी केली. सकाळी चिमटा काढून सेल्फ मारला. गाडी उठली, दहा-बारा सेकंद छान चालली, मग धापा टाकू लागली आणि सावरली.

दोन्ही मिळून चित्र असं आहे. रिटर्न बंद होता म्हणून पंपाची गॅलरी आणि फिल्टर रात्रभर भरलेले राहिले, त्यावर गाडी उठली. सक्शनची लाइन मात्र रिकामी झाली होती; ती हवा पंपापर्यंत पोचली तेव्हा धापा लागल्या. एरवी ओव्हरफ्लो उघडाच असल्यामुळे रिटर्नमधून डिझेल टाकीत उतरत राहतं, ड्रममध्ये नळी टाकून तोंडाने ओढल्यावर वाहत राहतं तसं. फीड पंपातले व्हॉल्व्ह त्याला अडवत नाहीत, कारण ते पुढे जाणाऱ्याला उघडतात, मागे येणाऱ्याला बंद होतात. मागून भोकातून हवा मिळत गेली की फिल्टर, गॅलरी, सगळं ओळीने रिकामं.

नुसता ओव्हरफ्लो खराब असता तर मागून हवा मिळाली नसती आणि डिझेलचा स्तंभ टिकला असता. नुसतं भोक असतं तर सकाळी थोड्या धापा लागल्या असत्या. दोन बारीक दोष एकमेकांना मिळाले आणि गाडी उठेनाशी झाली. एकच पार्ट बदलून बघणाऱ्याला अर्धाच फरक दिसला असता, आणि मग उरलेल्या अर्ध्यासाठी पंप खोलला गेला असता. माझा सगळा भर या मुद्द्यावर आहे.

११ डिसेंबर

चेसिसच्या कडेने येणारा सक्शनचा लोखंडी पाइप उतरवला. क्लिपांखाली गंज होता म्हणून तिथेच भोक असेल असं वाटत होतं. एक तोंड बंद करून अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये पाण्यात बुडवला आणि सायकलच्या पंपाने हवा भरली. कुठेही बुडबुडा नाही. पाइप धुऊन, वाळवून, रंग मारून ठेवला. रबरी होजच्या टोकाला चिरा दिसल्या. नवा होज आणि नव्या क्लिपा आणायच्या आहेतच.

उरली टाकी.

१२ डिसेंबर

टाकीत उभी सोडलेली सक्शनची नळी काढली. वर फ्लँज, पाच स्क्रू, खाली कॉर्कचं पॅकिंग, नळीच्या तळाला जाळी. स्क्रू गंजले होते, रात्रभर डिझेल-ऑइल लावून ठेवलं म्हणून सरळ सुटले.

नळी वरून चांगली दिसत होती. कापडाने पुसली, उन्हात धरली, काही नाही. तळ बोटाने घट्ट दाबला, वरून नळी जोडून हलकी हवा दिली आणि साबणाचं पाणी लावत गेलो. फ्लँजपासून चार बोटं खाली फेस फुगला. तिथे टाचणीच्या टोकाने खरवडलं तर गंजाचा पापुद्रा निघाला आणि आत सुई जाईल एवढं छिद्र, त्याच्या शेजारी आणखी एक, त्याहून बारीक. टाकीत डिझेल कमी असलं की नळीचा हा भाग हवेत आणि दमट वाफेत राहतो, गंज तिथूनच धरतो.

मामांचं म्हणणं आता उलगडलं. टाकी फुल असली की ही दोन्ही छिद्रं डिझेलच्या खाली जातात, मग ती हवा कुठून घेणार? पातळी चार बोटं उतरली की त्रास सुरू.

त्यांना छिद्र दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "एवढ्याशानं?" मग नळी माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा साबणाचं पाणी लावून बघितली.

१४ डिसेंबर

छिद्र बुजवण्यात अर्थ नाही, नळीचा तो पट्टा पातळ झालाय. त्याच मापाची नवी पोलादी नळी आणून जुन्या फ्लँजला पितळेने ब्रेझिंग करून घेतली. लांबी जुन्याइतकीच, तळापासून दोन बोटं वर, म्हणजे तळाचा गाळ ओढला जाणार नाही.

काम टाकीपासून दूर, दुकानात केलं. डिझेलच्या टाकीवर किंवा टाकीजवळ वेल्डिंग करायचं नाही. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. टाकी सुट्टी केलीच होती म्हणून ड्रेन उघडून धुतली. तळातून तपकिरी गाळ आणि वाटीभर पाणी निघालं.

१५ डिसेंबर

ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह आणला. गाडीवर जुळवून गेज बघितला तर आयडलला ०.६. स्प्रिंग दुसऱ्याच मापाची, बाहेरून मात्र हुबेहूब. परत केला. नाशिकला पंपाचं काम करणाऱ्यांकडून योग्य भाग मिळाला. त्यांनी समोर टेस्ट बेंचवर कितीला उघडतो ते दाखवून दिला. असा छोटा पार्ट घेताना माप समोर बघून घ्यावं.

१६ डिसेंबर

जोडणी. नवा होज, नव्या क्लिपा, फ्लँजला नवं पॅकिंग, सगळ्या बँजोंना नवे तांब्याचे वायसर. फीड पंपाची काचेची वाटी काढून जाळी धुतली, वाटीचं रबर बदललं.

एअर काढायचा क्रम: आधी फिल्टरची पहिली वाटी, मग दुसरी, मग पंपाची गॅलरी. प्रायमर दाबत राहायचं आणि स्क्रू अर्धा फेरा सोडायचा. आधी नुसतीच फुसफुस होते, मग साबणासारखा पांढरा फेस, मग फेसात डिझेलच्या रेघा, आणि शेवटी एकसंध काचेसारखी धार. धार आल्यावर आणखी पाच-सहा दाब मारूनच स्क्रू आवळायचा, प्रायमर दाबलेला असतानाच. मग प्रायमर खाली दाबून फिरवून बंद करायचा. तो सैल राहिला तर तिथूनच हवा घेतो. शेवटी डिलिव्हरी पाइपांचे नट नोजलच्या बाजूने सैल करून सेल्फवर डिझेल आलं की आवळले.

आयडलला १.१ किलो. रेसला १.४. बंद केल्यावर काटा ०.८वर थांबला आणि तिथून हळूहळू उतरत गेला. सक्शनच्या नळीत बुडबुडा नाही.

१७ डिसेंबर

मुद्दाम अवघड परिस्थिती ठेवली होती. टाकी अर्ध्याहून कमी, गाडीचं तोंड चढाकडे, म्हणजे इंजिन टाकीपेक्षा आणखी उंच. पहाटे सहा अंश. पारदर्शक नळ्या दोन्ही भरलेल्या. मामांनी चावी फिरवली, इंजिन दोन फेरे फिरलं आणि पकडलं.

पहिल्या अर्ध्या मिनिटात थोडा पांढरा धूर आणि एक सिलिंडर मागे. एकेका डिलिव्हरी पाइपचा नट सैल करून ऐकलं. चौथ्याचा सोडला तरी आवाजात फरक पडत नाही, म्हणजे मागे पडलेला तोच. गरम झाल्यावर तोही लागतो. हे दाबाचं काम नाही, नोजलचं आहे.

२१ डिसेंबर

गाडी कांदा भरून इंदूरला गेली होती. राहुड घाटात मामांनी एक गिअर वर ठेवून चढवली. वाटेत मुक्काम झाला, सकाळी पहिल्या सेल्फला उठली. गेज लावलेलाच पाठवला होता. चढावर काटा एकच्या खाली आला नाही असं ते म्हणाले.

आज गेज काढून टीच्या जागी मूळ बँजो बसवला. पारदर्शक नळ्याही काढल्या, कारण त्या डिझेलमध्ये कडक होतात आणि क्लिपेपाशी तडकतात. तिथे डिझेलचाच होज टाकला. चौथा नोजल उतरवून टेस्टवर लावायला दिला आहे. पंपाला हात लावलेला नाही.